कच्च्या टाक्याची बाही

क्रांती : आत्ती! नुसता हात वर केला तर बाही हातात आली की गं!

शालूबाई : येणारच. कच्चा टाका घातलाय तिला.

क्रांती : मुद्दाम? अगं, परवा शूटिंग हाय माझं!

शालूबाई : म्हणूनच. लढाईचा शिनेमा म्हणलीस, गावात फौज शिरती म्हणलीस. मग बाईचा झंपर फाटणार न्हाय तर काय ती पावण्यांना चहा करणार व्हय? स्टुडिओत कपडे शिवण्यात आयुष्य गेलं माझं. असला शिनेमा आला की बाह्या कच्च्या. कुणी सांगायलाच लागायचं न्हाय.

क्रांती : आमच्यात तसा सीनच न्हाय.

शालूबाई : समद्या पोरी असंच म्हणायच्या. मग एकदा वढून भागायचं न्हाय, कॅमेऱ्यात नीट दिसलं न्हाय म्हणून परत वढायचे. परत मी सुई घेऊन जायचो. टाका घालताना पोरीची थरथर माझ्या हाताला लागायची. आन् थेटरात त्याच सीनला शिट्ट्या! शेवटी तिनं विहिरीत उडी घ्यायची, लोकांनी डोळं पुसत घरला जायचं.

क्रांती : पुढं तलवार घेऊन सूड घ्यायला लागल्या की बायका.

शालूबाई : घेतली की तलवार. पण बाही आधी फाटायचीच! त्ये काय न्हाय. तुझा बा म्हणालाय न्हवं, आक्का हो म्हणली तरच पोरगी जाईल? मग सांगतो ज्ञानूला, न्हाय म्हणून.

क्रांती : आत्ती, वर्षभर थांबलोय या कामासाठी. पाया पडतो, आधी ऐकून तर घे. फौज येती, दार लागतं. कॅमेरा भाईर अंगणातच ऱ्हातोय. आतलं काय बी दाखवायचं न्हाय. विद्याश्री मॅडम म्हणतात, लोकांनी तिच्या अंगाकडं न्हाय, तोंडाकडं बघायचं.

शालूबाई : डायरेक्टर बाई हाय व्हय?

क्रांती : व्हय. हुपरीच्या हायत.

शालूबाई : आन् विहीर?

क्रांती : हाय की. सकाळी विहिरीवर जाती.

शालूबाई : झालं! बघ, म्हणलो न्हवं?

क्रांती : पाणी भरती आन् घरला येती.

शालूबाई : घरात घेतो नवरा?

क्रांती : त्यो चुलीम्होरं बसलेला असतोय. भाकरी थापायला गेलेला, तिचा पार नकाशा झालेला. म्हणतो, "ये, तुझ्याबिगर जमंना." पुढं ती कोर्टात उभी ऱ्हाती. मान वर करून फौजेतल्या एकेकाला बोट दाखवती. माना ते खाली घालतात.

शालूबाई : असं लिवलंय? खरं सांग.

क्रांती : तुझी शप्पथ.

शालूबाई : बरं वाटलं गं ऐकून. लई बरं वाटलं. आमच्या वक्ताला का न्हाय सुचलं कुणाला? बरं, मरती कवा?

क्रांती : मरतच न्हाय! म्हातारी होती. शेवटी नातीच्या लग्नात ह्योच झंपर घालून पंगतीला बसती, आन् वाढप्याला हाक मारून परत जिलबी मागती.

शालूबाई : आण ती बाही हिकडं.

क्रांती : आन् पप्पा?

शालूबाई : त्याचं मी बघतो. हितं दुहेरी शिलाई मारतो. आन् कडंनं कापड जरा जादा सोडतो. म्हातारपणी अंगानं भरंल की ती.