टार्गेट म्हणून परात

टार्गेट घेताय ना? मग आमच्या किचनर गावच्या देशपांडेसारखं करू नका. लांबवरच्या रायफल प्रॅक्टिसला गोळी लागली की वाजणारं टार्गेट हवं. पण जाड पोलादी प्लेट याला उचलवेना. म्हणाला, "हलकं काहीतरी बघू," आणि बेसमेंटमधली स्टीलची परातच घेऊन आला.

चारशे मीटरवर टांगली. पाच गोळ्या झाडल्या, पण एकदाही आवाज नाही.

"स्कोप बिघडलाय," देशपांडे वैतागला.

जाऊन बघतो तर पाचही गोळ्या मधोमध आरपार! काठावर कोरलेलं, 'सौ. नीलास, आईकडून.'

घरी नीलावहिनींनी परात खिडकीसमोर उजेडात धरली.

"नेम चांगलाय तुमचा," त्या शांतपणे म्हणाल्या. "आजपासून कणीक तुम्हीच मळायची. यातच."