गुरुवारी येणाऱ्या शैलजाताई

नमस्कार. शैलजाताईंच्या घरची मंडळी, चाकणच्या कंपन्यांमध्ये त्यांच्याबरोबर काम केलेले सगळे, इथले मोशीचे शेजारी, आणि पहाटे टेम्पोत बसून डोंगरातून आलेले आमचे पालक आणि मुलं. मला बोलायला उभं केलंय खरं, पण बोलता येईल असं वाटत नाही. रोज प्रार्थनेनंतर माइकशिवाय शाळाभर ओरडणारी बाई मी. असं चारचौघांत बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

मी राजगुरुनगरच्या पश्चिमेला, डोंगरातल्या आश्रमशाळेची मुख्याध्यापिका. आमची मुलं ठाकर आणि महादेव कोळी समाजाची. इथे बऱ्याच जणांना ताई माहीत आहेत त्या कंपनीत कान तपासणाऱ्या बाई म्हणून. पत्रे दाबणाऱ्या प्रेसशॉपमध्ये दिवसभर धडाधड आवाज, त्यामुळे कामगारांना कितपत ऐकू येतं ते त्या मशीन लावून बघायच्या. भरतीच्या वेळीही बघायच्या. अशाच एका भरतीत आमच्या वाडीतला लक्ष्मण त्यांच्यासमोर बसला. दोन्ही कान फुटलेले. ताईंनी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, "ल्हानपणापासनं. आमच्या वाडीत समद्यांचंच कान वाहत्यात. त्यात काय?"

लक्ष्मणला नोकरी मिळाली नाही. तो निघून गेला. पण त्याचं ते "त्यात काय" ताईंच्या डोक्यातून गेलं नाही. त्या वाडीची मुलं कुठल्या शाळेत जातात ते त्यांनी शोधून काढलं, आणि पुढच्याच गुरुवारी, कंपन्यांना सुट्टी असते त्या दिवशी, स्कूटरला मशीन बांधून आमच्या दारात हजर. मी विचारलं, तुम्हाला पाठवलं कुणी? म्हणाल्या, "कुणी नाही. सुट्टी आहे." बोला आता! सुट्टीला लोक लोणावळ्याला जातात हो.

पहिल्या दिवशी काय गंमत झाली सांगते. कानाला हेडफोन लावायचा, आवाज आला की हात वर करायचा. आमच्या पोरांनी असे पटापट हात वर केले, की मी खूश. ताई मात्र कपाळाला आठ्या घालून बसलेल्या. आणि एकदम हसायलाच लागल्या. "मॅडम, ही आवाज ऐकत नाहीयेत. माझं बोट बघतायत!" ताईंनी बटण दाबलं, की ह्यांचा हात वर. मी ओशाळले. ताई म्हणाल्या, "अहो, हुशार आहेत पोरं. रोज तुमचे ओठ बघून, शेजारणीची वही बघून निभावून नेतात. म्हणून तर कुणाला सापडत नाहीत." रागावल्या नाहीत. खुर्ची उचलली आणि खिडकीकडे तोंड करून ठेवली.

त्या खुर्चीवर कोमल बसली. तेव्हा पाचवीत होती, वर्गात पहिली यायची. मी तिच्या अगदी मागे उभी. ताई आवाज वाढवत गेल्या, वाढवत गेल्या. हेडफोनच्या कडेनं निसटलेला आवाज मला ऐकू येत होता. कोमलचा हात मांडीवरच. पोरगी आपली शांतपणे बाहेरचा डोंगर बघत होती. मला रडू आवरेना. ताई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, हिचे वडील कोण? लक्ष्मण, मी म्हटलं.

कोमलच्या दोन्ही कानांच्या पडद्यांना भोकं होती. आधी कान सुकवायचे, मग पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करून पडदा बसवायचा, एकेका कानाचा. हे सगळं ताईंनी जमवून आणलं. आणि कोमलची आजी आडवी आली. ह्या बसल्यात समोर, धोंडाबाई. आजी, रागावू नका हं. आजी म्हणाल्या, "वाहतंय तवर बरं हाय. कोंडलं तर डोक्यात जाईल. न्हाई करायचं." तुम्ही-आम्ही काय केलं असतं? आजींना अडाणी म्हणून मोकळे झालो असतो. ताई त्यांच्या ओट्यावर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमचं निम्मं बरोबर आहे. आत घाण असताना वरून कोंडलं तर वाईटच. म्हणून आधी सुकवायचं." स्वच्छ कापसाची वात वळून कान कसा टिपायचा ते त्यांनी आजींनाच शिकवलं. सुट्टीत कोमल घरी आली की आजी रोज कान टिपायच्या. कान सुकले. पण ऑपरेशनला नाही म्हणजे नाही!

मग एका गुरुवारी लक्ष्मण बोलला. मी तिथेच होते. त्या कंपनीतून आपण का परत आलो हे त्यानं घरात कधी सांगितलंच नव्हतं. जागा भरली, असं सांगितलं होतं. त्या दिवशी तो आईसमोर खाली बसला आणि म्हणाला, "आये, जागा व्हती. माझा कान न्हवता."

आजी उठल्या, कोमलची वेणी घातली आणि म्हणाल्या, "न्या हिला."

एक कान झाला. काही आठवड्यांनी कोमल माझ्याकडे तक्रार घेऊन आली. "मॅडम, वसतिगृहात पोरी घोरतात. मला झोप येत न्हाई." मी लगेच ताईंना फोन लावला. त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की शेवटी रडायला लागल्या. म्हणाल्या, "इतकी गोड तक्रार माझ्या कामाबद्दल कुणी केली नव्हती."

दुसऱ्या कानाचं ठरत होतं, आणि मागच्या आठवड्यात ताई गेल्या. झटका आला आणि संपलं. धडधाकट बाई हो. मी कोमलला सांगितलं तेव्हा ती आधी खूप रडली. मग म्हणाली, आता माझा कान राहिला.  खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं. राहिलं आता.

आज पहाटे टेम्पोत धोंडाबाई माझ्या शेजारी बसल्या. मी म्हटलं, आजी, आता कसं करायचं? त्या माझ्यावर खेकसल्याच. "बाई गेली म्हून पोरीचा कान सोडायचा व्हय? बाईनं काय त्यासाठी एवढं केलं? तुमी दिस धरा. मी येते."

दवाखान्यात फोन करून दिवस धरलाय. येत्या गुरुवारी मी आणि आजी कोमलला घेऊन पिंपरीला जातोय. आणि ताईंचे यजमान सुधीरभाऊ, तुमच्यासमोर मी काय बोलू? तुम्ही त्यांचं मशीन शाळेला दिलंत. ते चालवणारं माणूस मात्र आमच्याकडे नाही. कंपनीत ताईंबरोबर कान तपासणाऱ्या मंडळींनो, तुम्हाला ते काम येतं. गुरुवारी तुम्हालाही सुट्टी असते. मी एवढंच म्हणते.

शेवटचं सांगते आणि थांबते. कान तपासायला शांतता लागते. कंपनीत त्यासाठी बंद खोली असते म्हणे. आमच्याकडे कुठली? आमच्याकडे पत्रा, कोंबड्या आणि पोरं. ताई दारात यायच्या, ओठांवर बोट ठेवायच्या. मैदानातली मुलं असतील तिथे खाली बसायची. स्वयंपाकाच्या मावशी भांडं हातात धरून थांबायच्या. तास संपला तरी मी घंटा देऊ द्यायची नाही. सगळी शाळा श्वास धरून बसायची, कारण आत कुणाचं तरी लेकरू ऐकायची धडपड करत असायचं.

ताई, तुम्हाला आमचा मनापासून नमस्कार. आता सगळे उभे राहू या, दोन मिनिटं. पोरांनो, शांत कसं राहायचं ते तुम्हाला सांगायला नको. बाकीच्यांनी ह्यांच्याकडे बघून करा.