राणीचा गाल

— नाही नाही, असं हळू नका सांगू भाऊ, जरा मोठ्यानं सांगा, त्या मागच्या बाकावरच्यांनाही ऐकू जाऊ द्या — पहिल्या नंबरचा! सकाळपासून या शाळेत जुनी नाणी तपासून घ्यायला तुमच्यासमोर रांग लागलीय, जो तो घरातला राणीछाप रुपया घेऊन येतो आणि तुम्ही भिंग लावून म्हणता, झिजलेला, घासलेला, गेलेला — आणि माझा तेवढा अव्वल! बघा ना अजून, घाई काय आहे. राणीचा केस न् केस दिसतो म्हणता? मुकुटावरची नक्षीसुद्धा? आणि गाल भरलेला. वा! नाहीतर माझ्या आधीची ती कळसाडीची बाई — रंजनाबाई का काय नाव सांगितलं तिनं — तिचा रुपया बघून तर तुम्हालाही हसू आलं. राणीचं नाक-तोंड गेलेलं, गालाचं पार पीठ झालेलं, कडेला ही एवढी खाच. मीही हसले, खोटं कशाला बोलू. तुम्ही विचारलं, बाई, खाच कशाची, तर म्हणते, जात्यात सापडला होता म्हणे. कोणी दिला विचारलं तर पदर तोंडाला लावून म्हणते, घरच्यांनी. कपाळ मोकळं, गळ्यात काही नाही, आणि म्हणते घरच्यांनी! आपल्याला काय करायचंय म्हणा.

काय, चिठ्ठीवर मालकाचं नाव? भिकुबाई लिहा. भिकुबाई, लोणखेडा. यांचं? यांचं कशाला, मी कधी तोंडानं घेतलं नाही, आता नातवंडं झाल्यावर काय घेऊ — नवनीतचे बाबा म्हणते मी. आणि रुपया माझाच आहे हो, लग्नातच जिंकलाय. तुमच्याकडं असतो का तो खेळ? परातीत हळदीचं पाणी करायचं, त्यात रुपया टाकायचा, नवरा-नवरीनं हात घालून शोधायचा. सासूबाईंनी स्वतःच्या चंचीतला काढून टाकला होता. सापडला यांना — मला कळलं ना, बोटाला बोट लागलं — पण यांनी पाण्याखालीच मूठ सोडली आणि गुपचूप माझ्या हातात सारला. बायका ओरडल्या, नवरी जिंकली, नवरी जिंकली! सासूबाई आमच्या अहिराणीत म्हणाल्या, “हाऊ रुपया जिना हातमा, घर तिनं.” झालं. तेव्हापासून घर माझं.

मग दर धनतेरसला मीच उजळायची — चिंच, चुलीतली राख आणि हा अंगठा. राणीच्या गालावर अंगठा असा बसायचा, की डोळे मिटूनही कळावं, हा आपलाच. नवनीतच्या पहिल्या आंघोळीच्या पाण्यात तोच, रुपाच्याही तोच. घासून घासून राणीचं तोंड सपाट केलं मी, तर हे चिडवायचे, राणीपेक्षा तूच बरी दिसतेस. असं बोलायला काय जातं म्हणा, पण बाईमाणसाला तेवढं पुरतं. — काय? घासायचं नसतं? माहीत आहे हो, यांनीही तेच सांगितलं. मी रुपाच्या बाळंतपणाला सुरतेला गेले होते, परत आले तर रुपया लाल मखमलीच्या डबीत! म्हणाले, सोनाराकडून उजळून आणला, गाल उठवून घेतला, खाचही भरली — “आते घासजो नको,” उजाळा जाईल. या माणसानं जन्मात मला कधी गजरा आणला नाही भाऊ. त्या दिवशी मी देवघरात तोंड लपवून रडले, इतकं बरं वाटलं. त्यानंतर बोट नाही लावलं, नुसतं लांबून कुंकू.

काय म्हणालात? उठवता येत नाही म्हणजे? अहो, उठवून आणलाय ना, हा काय तुमच्या हातात आहे — कुठलाच सोनार? एकदा झिजलेली चांदी परत येत नाही? मग हा कुठून — हा कधी घासलाच नाही म्हणता? कोणाच्या वापरातच नव्हता? द्या इकडं. भिंग नको, अंगठा पुरे आहे मला.

नाही. बसत नाही. गाल टोचतोय.

सासूबाईंनी गव्हात लपवला होता, तो दळताना जात्यात आला आणि खाच पडली — आमच्या घरातली गोष्ट आहे ही, भाऊ! आणि ती इथं, या खुर्चीवर बसून सांगत होती, आणि मी मनात म्हणते, घरोघरी जाती, पडत असेल खाच. मी हसत होते हो! माझ्याच रुपयाला हसत होते. कळसाडीला ऊस बटाईनं केलाय म्हणून याचं दर आठवड्याला जाणं — लोणखेड्याला काय ऊस उगवत नाही? सकाळी म्हणत होता, कशाला दाखवायचा, घरातली लक्ष्मी चव्हाट्यावर. इथं दारापर्यंत आला, आत डोकावला, आणि ही बया रांगेत दिसल्याबरोबर म्हणतो, गर्दी आहे, मी लिंबाखाली बसतो. मला वाटलं, पाय दुखत असतील.

विकून खाल्ला असता ना, तरी मी मेल्याला माफ केलं असतं. नड कोणाला नसते. पण यानं चांगला शोधून, विकत आणून माझ्या डबीत ठेवला, आणि झिजलेला तिला दिला — माझा अंगठा तिला दिला, सासूबाईंचा शब्द तिला दिला. आणि वर मला सांगतो घासजो नको. फसवलं मला, भाऊ. मी त्या डबीपायी रडले होते, ते रडणंसुद्धा फुकट गेलं.

नको, पाणी नको. चिठ्ठी लिहिलीत ना? ते भिकुबाई खोडा. खोडा म्हणते ना! गिरधर लिहा. हो, गिरधर — असं बघू नका, नवऱ्याचंच नाव आहे, आज घेतलं. बाहेर लिंबाखाली टोपीवाला बसलाय, त्याला हाक मारा आणि हा तुमचा पहिला नंबर त्याच्या हातात द्या. म्हणावं, घासजो नको. सरका आता. ती बाई स्टँडावरच असेल अजून, कळसाडीची गाडी सुटायच्या आत मला पोचू द्या.