धर्माजींनी शिवलेली कुंची

आजच्या या आनंदसोहळ्याचे अध्यक्ष माननीय भगवंतराव, आमच्या शब्दाखातर डिंभ्याहून मिळेल त्या गाडीनं इथवर पोहोचलेले प्रमुख पाहुणे संपतराव, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, पंच्याहत्तरी गाठलेले आपले सत्कारमूर्ती धर्माभाऊ, समोर पहिल्या रांगेत बसलेल्या प्रयागवहिनी, एसटीतले निवृत्त बांधव आणि महाळुंगे पडवळच्या माझ्या माता-भगिनींनो, आपणा सर्वांना पारस पोपटलालचा मनापासून नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्षमहाराज, ती पुरणार नाहीत, हे मी आधीच कबूल करून टाकतो. मंचरच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान. दुकानात मी कमी बोलतो असं लोक म्हणतात. पण आज सकाळपासून मला इतका आनंद झालाय की चहाचे दोन घोटसुद्धा बसून घेतले नाहीत. का, ते शेवटी सांगतो.

धर्माभाऊंना तुम्ही सगळे ओळखता ते मंचर-डिंभे गाडीचे ड्रायव्हर म्हणून. पावसाळ्यात गाडी रुतली की स्वतः उतरून चाकाखाली दगड लावणारा, सहा फुटी माणूस. पण शिवणटिपणात नाव होतं ते प्रयागवहिनींचं. या गावातली कुठली लेक बाळंत झाली आणि तिच्या बाळंतविड्यात वहिनींच्या हातची कुंची नव्हती, असं कधी झालंय का? बाळाचं डोकं आणि पाठ एकदम झाकणारी, हनुवटीखाली बंद बांधायची, कडेला बारीक गोंडे लावलेली ती कुंची. समोर बसलेल्या किती जणींच्या पोरांनी ती घातली असेल! हात वर करायला सांगत नाही, नाहीतर सगळा मंडप हात वर करेल.

आणि शहाण्णव साली त्याच वहिनींचं उजवं अंग गेलं. जीभही जड झाली. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागल्या. कुणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायच्या.

अशात त्यांच्या शेंडेफळाला, खोडदला दिलेल्या रंजनाला, लग्नानंतर किती वर्षांनी दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं. पण माहेरी करणार कोण? विहीणबाई भागूबाईंनी निरोप धाडला, "पोर आमच्याकडंच राहू द्या. तुमच्याकडं बघायला कोन हाय?" बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण वहिनींनी ते ऐकलं आणि दोन घास खात होत्या तेही सोडले.

त्यानंतर काही दिवसांनी धर्माभाऊ दुकानात आले. बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं.

"शेठ, मऊ कापड दाखवा. बाळाला टोचणार न्हाई असलं."

मी विचारलं, "शिवणार कोण, भाऊ?"

"मी."

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

"आसं काय बघताय? तिचा हात गेलाय, माझा हाय ना शाबूत? ती सांगंल, मी शिवीन."

मंडळी, मी त्यांना दुकानातलं सगळ्यात तलम मलमल दिलं. ते काय करतात ते बघितल्याशिवाय मला चैन कसं पडावं? आठवड्याभरानं वहिनींना बघायला म्हणून इथं आलो. भरदुपारी दाराला आतून कडी! मी हाक मारली तेव्हा उघडली. आत वहिनी खाटेवर उशीला टेकून बसलेल्या आणि खाली भाऊ, नाकावर चष्मा, मांडीवर मलमल.

वहिनी त्यांच्यावर ओरडत होत्या. शब्द अडखळत होते, पण येत होते. "स्टेअरिंग न्हाई ते! सुई हाय. मुठीत कशापाई धरलीया?"

"मग कशी धरू?"

"चिमटीत. चिमटीत! उसवा ती. सगळी उसवा."

आजारानंतर वहिनींच्या तोंडून एवढं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं. निघताना भाऊ मला सोडायला अंगणापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "शेठ, मी मुद्दाम चुकतो. चुकलो की ती बोलती. बोलली की दमती, अन दमली की जेवती." मग जरा थांबून म्हणाले, "पन खरं सांगू का, मुद्दाम चुकायची येळच येत न्हाई."

आता अडचण अशी, की बाळ अजून जन्माला यायचं होतं. डोक्याचं माप कुणाचं घ्यायचं? वहिनी म्हणाल्या, नारळावर घ्या. भाऊंनी देवापुढचा नारळ घेतला आणि कुंची त्या नारळावर बेतली. नारळाला ती इतकी शोभून दिसायची म्हणता!

बाळंतपण खोडदलाच झालं, मुलगी झाली. बारशाला मी दोघांना आमच्या व्हॅनमधून तिकडं नेलं. वहिनी आजारानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडत होत्या. खोडदच्या माळावरच्या, त्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या अँटेना दिसायला लागल्या तशा भाऊ, कुंची आहे ना, सुईदोरा आहे ना, म्हणून डाव्या-उजव्या खिशांवर हात मारायला लागले. घामाघूम झाले होते. स्वतःच्या लग्नातसुद्धा माणूस एवढा घाबरत नसेल.

घरात बायकांची गर्दी. वहिनींना आतल्या खाटेवर बसवलं. बाळाच्या अंगावर बाजारातली लाल मखमली कुंची आधीच चढलेली. रंजनानं ती काढली आणि वडिलांनी शिवलेली हातात घेतली. मी दारातूनच बघत होतो. कुंची डोक्यावर गेली, कपाळाशी आली, आणि अडकली! पुढं जाईना. पोर नारळापेक्षा चांगलीच मोठ्या डोक्याची निघाली. तिनं असा टाहो फोडला की बाहेरची पुरुषमाणसं उठून आली. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

भागूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, पावणं. मखमलीची हाय की तिला. ही जपून ठिवू."

रंजनाचे डोळे भरून आले. मी वहिनींकडे बघितलं. मनात म्हटलं, झालं, आता या पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवणार.

आणि खाटेवरून आवाज आला, "मागची शिवण उसवा! कळी घाला तिथं!"

कळी म्हणजे मापात कमी पडलं की घालायचा तिकोनी तुकडा, तुम्हाला ठाऊक आहेच. भाऊ तडक आत गेले आणि बायकांच्या मधोमध बसले. खिशातून सुईदोरा आणि कात्री काढली. पण तुकडा कुठून आणायचा? मलमल तर घरी राहिलेलं. त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि डोक्यावरची नवी कोरी टोपी काढली. व्याह्यांच्या दारात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, हा माणूस बोडका बसला आणि टोपीला कात्री लावली! बाहेरून कुणीतरी म्हणालं, "व्याही, आता भाकरीबी थापा!"

भाऊंनी मान वर न करता उत्तर दिलं, "थापीन की. आधी शिवण व्हऊ द्या."

तेवढ्यात वहिनी पुन्हा ओरडल्या, "आवो, खळ हाय तिला! टोचंल पोरीला!"

आता? आणि मग कोण उठलं असेल? भागूबाई! भाऊंच्या हातातला तुकडा त्यांनी जवळजवळ हिसकावला, बाळाच्या अंघोळीच्या ऊन पाण्यात चोळून चोळून धुतला, पिळला आणि शेकायच्या शेगडीवर धरून वाळवला. "ह्ये घ्या. आन बारीक टाके घाला, माझी नात हाय ती," म्हणाल्या. वहिनी खाटेवरून सांगताहेत, भागूबाई कापड ताणून धरताहेत, भाऊ शिवताहेत, आणि पाळण्याशी जमलेल्या बायका नाव ठेवायचं सोडून त्या सुईकडे बघत उभ्या!

दोरा तोडला. कुंची डोक्यावरून अलगद गेली. पोर रडायची थांबली. मग तिच्या कानात नाव सांगितलं, स्नेहल. ती बघा, वहिनींच्या शेजारी बसली आहे आणि मी तिच्या डोक्याची गोष्ट सांगितली म्हणून रागावली आहे.

त्या गडबडीत वहिनी काय म्हणाल्या, माहीत आहे? त्या व्याह्यांच्या घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता मला जेवायला वाढा. लई भूक लागलीया."

भाऊंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मीही फिरवलं.

तेव्हापासून भाऊंची सुई थांबलेली नाही. स्नेहलच्या पाळण्यावर टांगलेलं कापडी चिमण्यांचं चिमणाळं त्यांनी शिवलं. त्यांचे जुने कंडक्टर कुशाबा इथं बसलेत, त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांना उबदार पट्ट्या भाऊंनीच शिवून दिल्या. माझ्या आईला, मोहनबाईंना, सामायिकाला, म्हणजे आम्हा जैनांच्या रोजच्या ध्यानाला, बसायला आसन दिलं. आई आता दुसऱ्या आसनावर बसत नाही. माझ्या नातवाला, अरिहंतला, कापडी हत्ती दिला, एक डोळा काळ्या बटणाचा, दुसरा हिरव्या बटणाचा. माझं कापडाचं दुकान आहे, आणि घरातली सगळ्यात आवडती कापडाची वस्तू दुकानातली नाही, हे मी कुठल्या तोंडानं सांगू!

आता मी एवढा उतावीळ का, ते सांगतो. या सत्कारासाठी शाल माझ्या दुकानातून न्यायची ठरली होती. मी दिली नाही. अध्यक्षमहाराज, रागावू नका. प्रयागवहिनी मला म्हणाल्या होत्या, "शेठ, ह्यांच्या अंगावर बाजारातली शाल पडायची न्हाई. समद्यांना शिवून दिलं ह्यांनी. ह्यांना कुनी दिलं?"

भाऊ, वहिनी दोन हिवाळे खोडदला जाऊन राहत होत्या ना? तिथं हात चोळणारी चांगली बाई आहे, असं तुम्हाला सांगितलं होतं. अशी कुणी बाई खोडदला नाही! भागूबाई सुई ओवून द्यायच्या, वहिनी कापड गुडघ्याखाली दाबून धरायच्या आणि डाव्या हातानं शिवायच्या. डाव्या हातानं, भाऊ! वर निळं सुती कापड आणि आत त्यांच्या दोन जुन्या लुगड्यांचे थर. दुलई कालच पुरी झाली. मी स्वतः खोडदहून घेऊन आलो आणि सकाळपासून या टेबलाखाली लपवून ठेवली आहे.

धर्माभाऊ, बसा, बसा, असे उठू नका, अजून माझं भाषण व्हायचंय. बरं, राहू द्या. उभेच राहा.

स्नेहल, आजीचा हात धर. ती खुर्ची जरा बाजूला घ्या, राव, वहिनींना वाट द्या. ही दुलई अध्यक्ष नाही घालणार, त्याच घालणार आहेत.

मला बोलायची संधी दिलीत, माझं ऐकून घेतलंत, मी आपल्या सर्वांचा ऋणी आहे. आनंदाच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, काही वेडंवाकडं बोललो असेन, तर उद्या दुकानात येऊन मला खुशाल रागवा. आत्ता मात्र कुणी माझ्याकडे बघू नका. वहिनी पायऱ्या चढताहेत, त्यांच्याकडे बघा.