दुधरामच्या हातचं पाणी

सन्माननीय अध्यक्ष केशोराव मालगुजार, आज ज्यांना निरोप द्यायचा ते डॉक्टर घनश्यामराव, व्यासपीठावरची थोर मंडळी, आणि दवनीवाड्याच्या माझ्या मायबहिणींनो, भावांनो,

मला भाषणाची सवय नाही. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो. चार माणसांसमोर तोंड उघडतो ते भजनातच. त्यात माझी नजर सारखी दाराकडे जाते आहे, त्याची क्षमा असावी. तिथे माझा धाकटा भाऊ दुधराम पाण्याची घागर घेऊन उभा आहे.

डॉक्टरसाहेबांच्या औषधांबद्दल इतरांनी सांगितलं. मी त्यांनी समजावताना दिलेल्या एका दाखल्याबद्दल सांगतो.

दुधराम विशीत असताना त्याला न दिसणारी माणसं ऐकू येऊ लागली. धानाच्या रोवणीत रोपांची अर्धी ओळ तशीच टाकून तो कोणाला तरी उत्तर द्यायचा. आम्ही नवस केले, दोरे बांधले. पुढे तो हसेना, रडेना, वाक्य मध्येच सोडून द्यायचा. मी साहेबांना विचारलं, दरसाल माझा भाऊ थोडा थोडा कमी होतो आहे, त्याच्या डोक्यात चाललंय तरी काय?

साहेब आमच्या ओसरीवर बसून म्हणाले, मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात, सगळ्यांच्याच. परदेशात काही डॉक्टरांनी या रोगाच्या जुन्या रोग्यांच्या डोक्यात हवा सोडून फोटो काढले, तर बऱ्याच जणांच्या पोकळ्या रुंदावलेल्या दिसल्या. आम्हाला उमजेना, तेव्हा म्हणाले, धानाच्या बांधीभोवतीचा मातीचा धुरा झिजत गेला की आतलं पाणी पसरतं आणि धानाची जागा आकसते, तसं समजा. पण सगळ्यांचं असं होत नाही; आणि रोगामुळे झिजतं की आधीपासूनच तसं असतं, हे अजून कोणालाच ठाऊक नाही.

हे शेवटचं आमच्या घरात कोणाच्या कानात शिरलं नाही. आम्ही धानाची माणसं. बांधीत पाणी जास्त झालं की काय करतो? वरचं पाणी बंद करतो आणि बांधी सुकू देतो. आईनं तेच केलं. मी मोहफुलं आणायला सालेकशाला गेलो होतो. तिनं दुधरामचं पाणी तोडलं आणि डोकं सुकावं म्हणून त्याला वैशाखाच्या उन्हात अंगणात बसवलं. मी परतलो तेव्हा तो भुईवर पडला होता, ओठ फाटलेले. साहेब धावत आले, घोट घोट पाणी पाजू लागले. आई आडवी आली.

"डोक्यात पानी भरून राहिला त्याच्या. अजून कायले पाजता, डाक्टर?"

"चूक माझी आहे, देवकाबाई. बांधीचा दाखला मी द्यायला नको होता. याला तहान लागली आहे, आता एवढंच खरं."

तहान भागली, रोग राहिला. त्यानंतर साहेब दर बाजाराच्या दिवशी येत, त्याच्याजवळ बसत, त्याला धुऱ्याच्या कामाला लावत. आवाज अजून येतात. त्यानं घातलेला धुरा वाकडा असतो, पण फुटत नाही.

अध्यक्ष महाराज, परवा आपण मला बोलावून म्हणालात, डॉक्टर गेल्यावर याला नागपूरच्या पागलखान्यात पाठवून दे, गाव भितं. आपली काळजी खोटी नाही. तो रस्त्यात मोठमोठ्यानं बोलतो, लेकरं घाबरतात. पण तिथे त्याला त्याच्या नावानं कोण हाक मारेल? पांडुरंगाला रोज हेच विचारतो.

आज पाणी वाटायचं काम साहेबांनी मुद्दाम त्याला दिलं. एवढा उकाडा, सगळे पदरानं, टोपीनं वारा घेत आहेत, आणि घागर अजून काठोकाठ आहे. माझा जीव मघापासून तिथे अडकला आहे.

साहेब, आपण उठलात? बसा, तो आणून... बरं. त्याच्या हातून घ्या. तो जरा जास्त भरतो, सांडेल.

साहेबांना देव उदंड आयुष्य देवो. मंडळींनी माझं ऐकून घेतलं, आभारी आहे. बोलण्यात उणं-अधिक गेलं असेल ते पोटात घाला. मी बसतो.

तो दुसरा पेला आपल्याकडेच घेऊन येतो आहे, अध्यक्ष महाराज. काठोकाठ भरला आहे. जरा लवकर घ्या.