विहाराच्या फळ्यावर लिहिलेल्या पासवर्डबाबत जबाब

नाव यशपाल नागनाथ सर्वगोड, वय २३, शिक्षण बारावी (इंग्रजी राहिले), धंदा सध्या काही नाही, राहणार बुधवार पेठ, सोलापूर.

पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, समोर बसून सांगतो की, वरील पत्त्यावर मी आई मनकर्णा आणि थोरली बहीण बुद्धप्रिया यांच्यासोबत राहतो. राहतो म्हणजे येऊन-जाऊन. मधे कुर्डुवाडीला रेल्वेच्या ठेकेदाराकडे होतो, तिथून मंगळवेढ्याला ज्वारीच्या मळणीयंत्रावर गेलो, तिथे एक ट्रकवाला भेटला, तो हंपीला चालला होता, तर मी म्हटले बघू तरी. हवालदार मॅडमनी मुद्द्यावर या असे सांगितल्याने ते सोडतो. दिवाळीपासून घरीच आहे.

बुद्धप्रिया पीएच.डी. करते. विषय विडी वळणाऱ्या बायकांचा श्वासाचा त्रास. आई विडी वळते. बुद्धप्रिया दिवसा एका शाळेत शिकवते, त्यामुळे तिला ग्रंथालयात बसायला वेळ होत नाही. तिच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने विद्यार्थ्यांना घरून शोधलेख वाचता यावेत म्हणून प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिलेला आहे. तिचा पासवर्ड मी चोरला असे लिहा, असे मी आधी म्हणालो होतो. मॅडम म्हणाल्या, झाले तेच लिहिणार. तर तो तिने मला स्वतः दिला. देताना म्हणाली, "यशा, दिवसभर मोबाइल चाळतोसच, माझ्यासाठी चाळ. पण तुझ्यापुढं कुणाला जायचा न्हाय." हे तिने स्पष्ट सांगितले होते. भावालाही द्यायचा नसतो, हे मला महाविद्यालयाच्या तक्रार अर्जावरून कळले. तिला माहीत होते का, ते मी विचारलेले नाही.

लेख कसे शोधायचे ते तिनेच शिकवले. शब्द अवतरणचिन्हात टाकायचे, जुनी वर्षे गाळायची, सारांश वाचल्याशिवाय लेख मोबाइलवर उतरवायचा नाही. इंग्रजी मला येत नाही, मोबाइल भाषांतर करतो. लेख तिला मेलने पाठवता यावेत म्हणून तिचा महाविद्यालयाचा मेल माझ्या मोबाइलवर चालू होता. तंबाखूच्या धुळीवरचे लेख मी तिला काढून दिले, ते तिला उपयोगी पडले. ते शोधताना नान्नजच्या माळढोकावरचा एक लेख लागला, त्यावरून वाळवंटातल्या पाखरांचा, त्यावरून पाखरांना वाट कशी कळते त्याचा. दुपारी बसलो की दिवेलागणीलाच उठायचो. शाळेत माझे असे कधी झाले नाही. हे जबाबात बसत नसेल तर काढा.

आमच्या विहारात अभ्यासिका आहे. पोलीस भरतीची आणि तलाठी परीक्षेची मुले-मुली तिथे बसतात. तिथे पेपर एकच येतो, त्याची पाने सुटी करून सगळे वाचतात. जाड गाइड घेतले तर फाडून त्याचे भाग करतात, ज्याचे वाचून झाले तो पुढच्याला देतो. वायफायचा पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात असतो. मी तिथे गेलो तेव्हा भरतीची तयारी करणारा बसू नावाचा मुलगा म्हणाला, "आलं बघा पाव्हणं. यशा, आब्यासाला आलास का पंख्याखाली झोपायला?" सगळे हसले. मी मोबाइल काढून लेख कसे शोधतात ते दाखवले. बसू म्हणाला, "आयला, लईच भारी हाय की हे!" अंकिता नावाची मुलगी, एम.ए.ला आहे, ती म्हणाली, "सर, मला माझ्या प्रबंधाला पायजे होतं, आमालाबी द्या की." मला आजवर कुणी सर म्हटले नव्हते. मी खडू घेतला आणि वायफायच्या खाली बुद्धप्रियाचे नाव आणि पासवर्ड लिहिला. वाचल्याने लेख संपतात थोडेच, असे मी म्हणालो. तेव्हा मला ते पटलेलेही होते.

फळ्याचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे गेला ते मला माहीत नाही. कुणीतरी संगणक लावून आपोआप मासिकेच्या मासिके उतरवली. मग लेख पुरवणाऱ्या कंपनीने सगळ्या महाविद्यालयाचे लेख बंद केले, कुणालाच काही उघडेना. फोटोत फळ्याच्या वर विहाराचे नाव होते, त्यामुळे ग्रंथपाल साहेब विहारात आले. बुद्धप्रियाला त्यांनी बोलावून घेतले होते. त्यांनी विचारले, "हे कुणी लिहिलं?" मी तिसऱ्या रांगेत होतो. अंकिता माझ्याकडे बघत होती. बसू खाली बघत होता. मी जागेवरून उठलो नाही. बुद्धप्रिया म्हणाली, "पासवर्ड माझा आहे सर, जबाबदारी माझी." तिने फळा पुसला.

घरी आल्यावर तिने मला जेवायला वाढले.

तिचे शेवटचे प्रकरण राहिले आहे. तिने पासवर्ड बाहेरच्यांना पुरवला असे तक्रार अर्जात आहे आणि तसे ठरले तर तिची नोंदणी रद्द होणार आहे. आज तिला इथे बोलावले होते. मी सोबत आलो आणि आधी माझा जबाब घ्या असे म्हणालो. फळ्यावर तिने लिहिले नाही, मी लिहिले.

आणखी काही सांगायचे आहे का असे विचारल्यावरून सांगतो की, लेख बंद होण्याच्या आधी ग्रंथालयाचा बुद्धप्रियाला मेल आला होता. तुमच्या नावावर फार लेख उतरत आहेत, पासवर्ड लगेच बदला, म्हणजे पुढे काही होणार नाही, असा. मी भाषांतर करून वाचला. समजला. पासवर्ड बदलला असता तर फळ्यावरचा चालला नसता. त्या दिवशी अभ्यासिकेत पोरांनी माझ्यासाठी पुढे खुर्ची ठेवली होती. मी मेल खोडला. हे बुद्धप्रियाला माहीत नाही.

जबाब मॅडमनी मोठ्याने वाचून दाखवला. त्याआधी दार लावून घ्या असे मी म्हणालो होतो, मग राहू द्या म्हणालो. बुद्धप्रिया बाहेर दाराशेजारच्या बाकावर आहे. मेलचे वाचून झाल्यावर मॅडम थांबल्या, मी पुढचे वाचा म्हणालो. माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिले आहे, त्यात काढण्यासारखे काही नाही.

सही
यशपाल नागनाथ सर्वगोड