खिडकीतली टाकी

पाचोऱ्याच्या स्टँडवर नीलेश जळगावच्या गाडीची वाट बघत होता. पुढच्या बाकावर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या दोघी बसल्या होत्या. त्यांचं बोलणं सुरू झालं आणि त्याने कानातला हेडफोन हळूच काढला.

"सुगंधाअक्का, शाळेची सहल विज्ञान संग्रहालयात चाललीय. आपल्यालाही नेणार म्हणे."

"नेणार म्हणजे खिचडी शिजवायलाच ना, नूरबी! मागं धरण दाखवायला नेलं, अन् मी दिवसभर पातेलं पाहिलं."

"गाडीत खिडकी तरी मिळाली असेल."

"कुठली? खिडकीत गॅसची टाकी बसवली. मी तांदळाच्या गोणीवर."

"मग नाही म्हणायचं का?"

"नाही का म्हणायचं? आदल्या दिवशी दुधातल्या दशम्या करू, सोबत शेंगदाण्याची चटणी. टाकी नको, पातेलं नको. आपण बी आत!"

"सर म्हणतील, पोरांना गरम लागतं."

"पोरांनाच विचार. बठ्ठी, सगळीच्या सगळी, कंटाळलीत खिचडीला."

"अक्का, तिथं आरसे आहेत म्हणे. माणूस भोपळ्यासारखा गोल दिसतो."

"त्याला आरसा कशाला लागतो तुला?"

"अक्का!"

"हसू नको, सरांना फोन लाव. दे इकडे. हॅलो सर, सुगंधाबाई बोलतेय. यंदा टाकी शाळेतच राहील. अहो, संपली नाही, भरलेली आहे! पण सहलीला तिच्या जागी मी बसणार. हां, नूरबी सांगते सगळं."

नूरबीचं सांगून होईपर्यंत गाडी लागली. नीलेश चढला तेव्हा अक्का खिडकीत बसली होती.

"अक्का, आज तरी मला बसू दे ना खिडकीत."

"थांब गं, सवय करून घेऊ दे."